नाकवाला मिस्त्री

हैदराबाद नाक्याजवळ माझं बेरिंग-सीलचं दुकान आहे आणि माझ्या दुकानासमोर सोमलिंगण्णाचं गॅरेज. मधे फक्त रस्ता. बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसून त्या माणसाला काम करताना बघतोय, त्यामुळं त्याच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत गेल्या नवरात्रात एका दुपारी मोडली.

सोमलिंगण्णा मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, गॅरेजात मराठी. ट्रकच्या मागच्या एक्सलचं काम करण्यात त्याचा हात धरणारा माणूस नाक्यावर नव्हता. चाकातून तेल गळायला लागलं की आंध्रापासून लातूरपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याकडं गाडी आणून लावायचे. गाडी उभी राहिली की अण्णा आधी खाली वाकायचा, रिमवर ओघळलेलं तेल बोटावर घ्यायचा आणि ते बोट नाकाशी न्यायचा. मग निकाल. "एक्सलचं तेल हाय, सील गेलंय." नाहीतर, "हे ग्रीस पातळ झालंय, घाबरू नको." नाहीतर, "ब्रेकचं लायनर जळतंय, गाडी हलवू नको." एक्सलच्या तेलाला कुजक्या लसणासारखा उग्र दर्प असतो, लायनर किंवा सील जळालं की केस जळाल्यासारखा. हे त्यानंच मला शिकवलं. नाक्यावर त्याला सगळे नाकवाला मिस्त्री म्हणायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एकवीसच्या मे महिन्यात, तो पंधरा दिवस घरात पडून होता. अंगानं अर्धा झाला, पण उठला. चव आणि वास गेल्याचं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. त्या दिवसांत ज्याला त्याला तेच झालं होतं, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. दिवाळीच्या सुमारास वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, महानंदावहिनींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आला परत. सगळा आला." गॅरेजातही पुन्हा बोट नाकाशी जायला लागलं. पुन्हा निकाल द्यायला लागला. आम्ही सगळे निर्धास्त.

आता मागं वळून बघितलं की एकेक गोष्ट डोळ्यांपुढं येते. एकदा माझ्या दुकानाच्या माळ्यावर उंदीर मरून पडला होता. तीन दिवस आम्ही नाकाला रुमाल लावून फिरत होतो. आणि सोमलिंगण्णा त्याच माळ्याखाली बसून माझ्याशी गप्पा मारत कडक भाकरी खाऊन गेला. आम्ही हसलो. म्हटलं, दिवसभर तेलात बुडालेल्या माणसाला घाण कसली! गाडी आल्यावर तो ड्रायव्हरला सहज विचारल्यासारखं विचारायचा, "तुला कसला वास येतोय रे?" तेही मला त्याच्या बोलण्याची पद्धतच वाटायची. खरं तर तो दुसऱ्याच्या नाकानं काम करत होता. तेल दोन बोटांत चोळून, रंग बघून, चिकटपणा बघून तो नव्वद टक्के बरोबर यायचा. उरलेले दहा टक्के तो कसे काढत होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

नवरात्राचा तिसरा दिवस होता. सकाळी आठला सांगोल्याकडचा बिभीषण आपली सहाटायरी गाडी घेऊन आला. गाडीत दहा टन सिमेंट, तुळजापूरवरून लातूरला पोचवायचं. मागच्या डाव्या चाकाच्या रिमवर तेलाचे काळे ओघळ आले होते आणि टायरची आतली बाजूही भिजली होती. तुळजापूरला चालत जाणाऱ्या भक्तांची गर्दी वाढली की रस्ता जड गाड्यांना बंद होतो. त्याला अजून चार दिवस बाकी होते, पण आज गाडी परत आली की उद्या दुसरी खेप होती, त्यामुळं बिभीषण घाईत होता.

"मिस्त्री, अकरापर्यंत सोडा मला. लई अडचण व्हईल न्हायतर."

अण्णानं बोट नाकाशी नेलं. "एक्सलचंच तेल. सील गेलंय," म्हणाला. ते बरोबरच होतं. त्यानं चाक उतरवलं, एक्सलचा दांडा ओढून काढला, हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढला. माझ्याकडं येऊन तेल अडवणारं रबरी कडेचं सील आणि पॅकिंग घेऊन गेला.

मी विचारलं, "बेरिंग?"

"बेरिंग चांगलंय," तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं क्षणभर हातातल्या सीलकडं बघितलं होतं, हे मला आठवतं.

पावणेबाराला गाडी निघून गेली. जाताना बिभीषणनं हॉर्न वाजवला. गाडीच्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत 'मायाक्का प्रसन्न' लिहिलं होतं. गाडी वळेपर्यंत मी ते वाचत होतो, कारण गिऱ्हाईक नव्हतं.

सव्वाबाराच्या सुमाराला महानंदावहिनी डबा घेऊन आल्या. त्यांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळं डबा त्या स्वतःच आणायच्या. डबा ठेवायला जागा करायची म्हणून त्यांनी फळीवरचं जुनं सील आणि हब पुसलेलं फडकं उचललं आणि एकदम तोंड फिरवलं.

"री," त्यांनी नवऱ्याला कानडी हाक मारली, "हे काय जळालंय? केस जाळल्यागत वास मारतोय."

अण्णा हात धूत होता. तसाच ओल्या हातांनी आला. त्यानं सील घेतलं. घरच्या माणसासमोर बोट नाकाशी न्यायचं नाटक त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही. त्यानं सील वाकवून बघितलं. सीलची रबरी कड पापडासारखी कडकन मोडली. सकाळी त्यानं ते बघितलं होतं. जुनं झालं की सील कडक होतंच, असं म्हणून सोडून दिलं होतं.

वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमाला येत नाही ना वास?"

त्यानं मोडलेलं सील फळीवर ठेवलं.

"कधीपासनं?"

"आलाच न्हाई कधी," तो म्हणाला.

मी रस्त्यापलीकडं होतो, मला यातलं काही ऐकू आलं नाही, हे सगळं वहिनींनी नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की सोमलिंगण्णा डब्याला हात न लावता फोन कानाला धरून उभा आहे, फोन खाली घेतोय, पुन्हा लावतोय. मी हाक मारली, "काय झालं अण्णा?" त्यानं हातानंच 'थांब' म्हटलं.

काय झालं होतं ते आता सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सील आपोआप जळत नाही. आतलं बेरिंग तापलं तर सील जळतं. आणि बेरिंग तापतं ते बऱ्याचदा कुणीतरी बेरिंग दाबून धरणारा हबचा नट गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवल्यामुळं. अण्णानं ते बेरिंग डिझेलमध्ये धुऊन हातात फिरवून बघितलं होतं. तांबूस दिसलं, पण जुन्या तेलाचा डाग समजून त्यानं परत बसवलं. वास आला असता तर एका क्षणात कळलं असतं. वास आला नाही. मग त्यानं नट आधीच्या खुणेवर, म्हणजे जिथं जास्त आवळलेला होता तिथंच, आणून ठेवला. ब्रेकचं लायनर तेलानं भिजलेलं होतं, ते त्यानं पेट्रोलनं धुऊन घासून घेतलं. लायनर थोडं तापवून वास घेतला की तेल आत मुरलंय का ते कळतं. तेही त्याला करता आलं नाही. थोडक्यात, जळत्या बेरिंगवर नवं सील आणि तेल प्यायलेलं लायनर घेऊन दहा टन सिमेंट तुळजापूरच्या घाटाकडं निघालं होतं, आणि त्या रस्त्याच्या कडेनं शेकडो माणसं अनवाणी चालत होती.

बिभीषण फोन उचलत नव्हता. त्याचा थोरला भाऊ फोनवर बोलता बोलता गाडीखाली गेला होता. तेव्हापासून तो चालवताना फोन पेटीत बंद करून ठेवायचा. सोमलिंगण्णा हेच आम्हाला कौतुकानं सांगायचा, की ड्रायव्हर असावा तर असा.

अण्णानं मोटारसायकल काढली. वहिनी मागं बसल्या.

"तू कुटं येतीस?"

"चला," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं मला वहिनींनी नंतर सांगितलं, थोडं अण्णानं आणि बरंचसं बिभीषणनं.

उळ्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला तेव्हा अण्णानं गाडी सत्तरवर नेली. वहिनी आयुष्यात कधी इतक्या जोरात मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. डाव्या कडेला चालणाऱ्या बायका, पोरं, कुणाच्या डोक्यावर परडी, कुणाच्या खांद्यावर झेंडा. प्रत्येक घोळक्याजवळून जाताना वहिनींना वाटायचं, पुढं रस्त्यावर काहीतरी पडलेलं दिसणार. कासेगावच्या पुढं अण्णा वारा कापत ओरडला, "रस्त्यावर तेल दिसतंय का बघ!"

"नाही!"

"वास?"

"नाही!"

तामलवाडीच्या टोलनाक्यावर त्यानं हिरवी ताडपत्री, पिवळी अक्षरं अशी खूण सांगून विचारलं. तिथल्या माणसाला आठवलं. कारण ड्रायव्हरनं टोलच्या पुढं गाडी लावून तिथं बसून भाकरी खाल्ली होती. "गेली की आत्ता. पंधरा मिनिटं झाली असतील."

पंधरा मिनिटं. भरलेली गाडी हळू जाणार, म्हणजे घाट तिच्या अजून पुढं होता. अण्णानं पुन्हा फोन लावला. जेवताना बिभीषणनं फोन बघितला असेल, अशी आशा होती. फोन वाजत राहिला. टोलवरचा माणूस म्हणाला, गस्तीच्या जीपला कळवतो. जीप कुठं होती कुणास ठाऊक.

माळुंब्र्याच्या पुढं वहिनींनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "येतोय! येतोय वास!"

"कसला?"

"तोच! केस जळाल्याचा!"

दोन वळणं गेल्यावर चढावर हिरवी ताडपत्री दिसली. गाडी बारीक गिअरमध्ये रांगत चढत होती आणि मागच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता. बिभीषणला तो आरशात वेगळा कळत नव्हता, कारण चढावर इंजिनही धूर सोडत होतं. अण्णानं मोटारसायकल उजवीकडून पुढं काढली आणि हात उंच करून ओरडायला लागला. बिभीषणला आधी वाटलं, कुणी भांडखोर आहे. मग त्यानं मिस्त्रीला ओळखलं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरला.

"काय झालं मिस्त्री? आन वहिनी हितं कशा?"

"उतरलास कशाला? वर चढ! ब्रेकवर पाय दे!" अण्णा किंचाळला.

सहाटायरी गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना धरतो. त्यातल्या डाव्या चाकाचं लायनर तेलात भिजलेलं आणि ब्रेकचा ड्रम तापून लाल व्हायच्या बेतात. एकट्या उजव्या चाकावर दहा टन. बिभीषणला समजायच्या आत गाडी हलली. आधी एखाद्या म्हशीनं अंग हलवावं तशी, मग हातभर, मग दोन हात. मागं, उताराकडं.

आणि मागं, थांबलेल्या ट्रकची सावली बघून, चालत आलेल्या सात-आठ बायका लगेच टेकल्या होत्या. एकीच्या मांडीवर लहान मूल होतं.

अण्णा दरवाज्याकडं धावला, पण बिभीषण जवळ होता. त्यानं पायरीवर उडी घेतली, पाय घसरला, गुडघा फुटला, पुन्हा चढला. वहिनी बायकांवर ओरडत धावल्या. "उठा! बाजूला व्हा, बाजूला!" बायका उठल्या, पण गोंधळून उभ्याच राहिल्या. वहिनींनी मूल असलेल्या बाईला दंडाला धरून कठड्याकडं ओढलं. मग कडेचा एक धोंडा दोन्ही हातांनी उचलून उजव्या चाकामागं टाकला. चाकानं तो चिरडला, फुटून दोन तुकडे झाले. त्यांनी दुसरा उचलला. तो मोठा होता, त्यांना पूर्ण उचलवत नव्हता, म्हणून लोटत लोटत आणला आणि पायानं आत सरकवला. चाक त्यावर चढलं, थांबलं. त्याच वेळी बिभीषणचा पाय ब्रेकवर पडला आणि पुढच्या चाकांनी गाडी धरली.

मूल रडायला लागलं तेव्हा सगळ्यांना भान आलं.

मग चारही चाकांना दगड लावले. कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धुरावर ओतायला पुढं आला, त्याला अण्णानं धरून मागं ओढलं. "पाणी नको! ड्रम तडकंल. गार हू दे आपोआप." मग तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

बिभीषण गुडघ्यावरचं रक्त पुसत समोर येऊन उभा राहिला. "मिस्त्री, सकाळीच केलं की तुमी हे काम."

"माझ्याच्यानं चुकलं," अण्णा म्हणाला. "बेरिंग जळत होतं, मला कळलं नाही. मला वास येत नाही, बिभीषण. तीन वर्षं झाली."

बिभीषणनं त्याच्याकडं बघितलं, मग चाकाकडं, मग कठड्याजवळ उभ्या असलेल्या त्या बायकांकडं. "मग माज्या गाडीला हात का लावला तुमी?"

अण्णा म्हणाला, "नाव गेलं असतं म्हणून."

बिभीषण केबिनमध्ये जाऊन बसला.

मला अण्णाचा फोन आला तेव्हा पावणेदोन वाजले होते. "गुरुशांत, त्याच गाडीची आतलं-बाहेरचं दोन्ही बेरिंगं, सील, लायनरचा नवा जोड, पॅकिंग, तेल, आणि मोठा जॅक घेऊन घाटात ये. दुकान बंद कर, पण ये." मी 'का' विचारलं. त्यानं सरळ सांगून टाकलं. फोनवर. त्याच्या एका शब्दावर मी आजवर शेकडो गाड्यांना सामान दिलं होतं.

मी तीनला पोचलो. ड्रम गार झाला होता. हब उघडला तेव्हा आतलं बेरिंग मोराच्या पिसासारखं निळं-जांभळं पडलं होतं आणि त्याचे दोन रोलर चपटे झाले होते. बिभीषण मागं उभा राहून सगळं बघत होता, हात बांधून. अण्णा एकेक वस्तू साफ करून वहिनींकडं द्यायचा. "बघ." वहिनी नाकाशी नेऊन सांगायच्या. एक्सलच्या दांड्याचं बूड: "जळकं नाही." जुनं लायनर: "हे अजून तेलानं मारतंय." ते त्यानं सरळ कठड्यापलीकडं भिरकावलं. नवं बेरिंग ग्रीस भरून बसवलं, नट हातानं फिरवत, चाक फिरवत, आवळत आणला, आणि मग पाव फेरा मागं सोडला. चाक एका बोटानं फिरलं. अण्णानं बिभीषणला बोलावलं आणि त्याला स्वतःच्या हातानं ते फिरवायला लावलं. मग त्याच्यासमोर नटाला नवी खूण केली.

साडेपाचला गाडी निघाली. बिभीषणनं रामराम केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचा फोन आला. एकच वाक्य. "हब गार हाय, मिस्त्री."

आठवडाभर गॅरेज बंद होतं. मला वाटलं, संपलं. नाक्यावर बातमी लपत नाही, आणि ही तर अण्णानं स्वतःच ज्याला त्याला सांगितली होती. काही जुने ड्रायव्हर तुटले. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याच्या दारातून दोन गाड्या परत नेल्या, मी बघितल्या. नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, आता वास येईल याची खात्री देता येणार नाही.

दसऱ्यानंतर गॅरेज उघडलं. अण्णानं एक यंत्र आणलं होतं, तेच, लांबून रोखलं की ताप सांगणारं. कोरोनात प्रत्येक दारात कपाळाला लावायचे तसलंच, पण मशिनरीसाठीचं. गाडी आली की तो आधी ते चारही चाकांच्या हबवर धरतो आणि आकडे भिंतीवर खडूनं लिहितो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं की ते उघडायचंच, तेल गळो वा न गळो. आणि अकरा वाजता वहिनी येतात. खुर्चीवर बसतात. हब उघडला की त्यांच्याकडं सील जातं. सुरुवातीला लोकांना हसू यायचं. बायकामाणसानं ट्रकचं सील हुंगायचं! वहिनी हसणाऱ्याकडं बघायच्याही नाहीत.

मागच्या महिन्यात आंध्रकडची एक गाडी आली. उजव्या चाकातून थोडं तेल. यंत्रानं चारही आकडे सारखे दाखवले. वहिनींनी रिमवरचं तेल हुंगलं आणि म्हणाल्या, "जळल्यागत वाटतंय मला." ड्रायव्हर वैतागला. म्हणाला, सील बदला आणि सोडा, मला दोन तास घालवायचे नाहीत. अण्णानं ऐकलं नाही. पूर्ण हब उघडला, बेरिंग काढलं, धुतलं, उन्हात धरून बघितलं. बेरिंग नव्यासारखं लखलखीत. लायनरही चांगलं. सील तेवढं जुनं. वहिनींनाच भास झाला होता, शेजारच्या वेल्डिंगचा वास असावा.

ड्रायव्हर बडबडत गाडी घेऊन गेला. वहिनी ओशाळल्या होत्या.

"उगंच उघडायला लावलं मी," त्या म्हणाल्या.

"उघडलं ते बरंच झालं," सोमलिंगण्णा म्हणाला, आणि हात पुसून पुढच्या गाडीखाली गेला.